जिवाणूजन्य सेल्युलोजचा (जिवाणूंनी तयार केलेल्या तंतुमय पदार्थाचा) पापुद्रा वाळल्यावर ठिसूळ होतो. तो लवचीक कसा ठेवावा?

पापुद्रा वाळवण्यापूर्वी ग्लिसरॉलच्या पातळ द्रावणात भिजवून ठेवल्यास तो वाळल्यावरही बराच लवचीक राहतो. ताज्या पापुद्र्यात वजनाने सुमारे ९९ टक्के पाणी असते. ते उडून जाताना सेल्युलोजचे नॅनोतंतू (अतिसूक्ष्म तंतू) हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट चिकटतात, म्हणूनच घडी घालताच तडा जातो. ग्लिसरॉल मात्र सहजी उडत नसल्याने तंतूंच्या मधे टिकून राहते. ग्लिसरॉलमध्ये भिजवण्याआधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य, गरम द्रावणाने जिवाणू काढून पापुद्रा उदासीन (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) होईपर्यंत पाण्याने धुणे अत्यावश्यक आहे. या टप्प्यात घाई करू नये. मर्यादा अशी की ग्लिसरॉल वाढवले की ताणसामर्थ्य (ओढ सहन करण्याची ताकद) घटते, शिवाय ते हवेतील ओलावाही शोषते. त्यामुळे ताणचाचणीपूर्वी सर्व नमुने एकाच वातावरणात, उदाहरणार्थ २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत, स्थिरावू द्यावेत.