आयर्लंडमध्ये स्थलांतरामुळे ओस पडत चाललेलं एखादं खेडं गावकऱ्यांनी एकजुटीने सावरल्याचं उदाहरण आहे का?

हो, वायव्य आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातलं ग्लेनकोलमकिल. 1951 मध्ये फादर जेम्स मॅकडायर तिथे धर्मगुरू म्हणून आले, तेव्हा गावात वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं, आणि तरुण मंडळी रोजगारासाठी स्कॉटलंड, इंग्लंड, अमेरिकेची वाट धरत होती. मॅकडायर यांनी आधी गावासाठी सभागृह उभारायला घेतलं, तेही लोकांच्या श्रमदानातून. मला हीच सुरुवात सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण संध्याकाळी एकत्र बसायला जागाच नसेल तर सहकाराची बोलणी होणार कुठे? मग भाजीपाल्यावर प्रक्रिया, विणकाम, पर्यटकांसाठी घरं असे सहकारी उद्योग आले. 1967 मध्ये गवताने शाकारलेल्या जुन्या धर्तीच्या घरांचं लोकसंग्रहालय सुरू झालं. ते आजही पाहता येतं. गावाला जोडून ठेवणारा धागा मात्र याहून फार जुना आहे. दरवर्षी 9 जूनला, संत कोलमकिल यांच्या स्मृतिदिनी, प्राचीन कोरीव शिळा आणि दगडांच्या राशी अशा 15 थांब्यांची पायी प्रदक्षिणा होते. पूर्वापार ती अनवाणी करतात.

एक गोष्ट लक्षात घ्या: सगळेच उद्योग टिकले नाहीत, आणि माणसं बाहेर जाणं पूर्ण थांबलं असंही नाही. सामूहिक शेतीची मॅकडायर यांची कल्पना तर रुजलीच नाही.