१८ हजारांची हुंडी

प्रश्न : मी पुण्यात पीएचडी करते. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर परदेशातले म्यानमारी लोक फेसबुक-टेलिग्रामवरून लोकशाही चळवळीसाठी पैसा कसा उभा करतात, हा माझा विषय. सिंगापूरच्या एका बाईंच्या तीन मुलाखती घेतल्या, ओळख वाढली. मार्चमध्ये त्या म्हणाल्या, मिझोराममधल्या ऐजॉलच्या निर्वासितांच्या औषधांसाठी मुंबईतला एक जण तुझ्या खात्यात पैसे टाकेल, तेवढे पुढे पाठव. १८ हजार आले, मी त्याच दिवशी यूपीआयने पाठवले. आता त्या ६० हजारांचं विचारताहेत. गाइड म्हणतात, विषयच बदल. मी गुन्हा केलाय का? आणि पोलिसांनी मुलाखती मागितल्या तर?

उत्तर : आधी ६० हजारांना नाही कळवा, मग पुढचं वाचा.

तुमचे गाइड भलत्याच गोष्टीला घाबरलेत. फेसबुक-टेलिग्रामवरच्या देणगीच्या ग्रुपमध्ये शिरून वाचणं, देणगीदारांशी बोलणं, त्यावर प्रबंध लिहिणं हा गुन्हा नाही. ‘जाहिरात बघा, कमाई चळवळीला’ म्हणणाऱ्या चॅनलांवर तुम्ही रात्री जागवल्या असतील, तरी तो चॅनलवाला आणि यूट्यूब यांच्यातला मामला. घोळ झाला तो पैसा तुमच्या खात्यातून गेला तिथे.

तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं. बाईंनी सिंगापुरात कुणाला तरी डॉलर दिले. ते भारतात आलेच नाहीत. त्यांच्या बदल्यात इथल्या माणसाने आपल्याकडचे रुपये तुम्हाला दिले. म्यानमारमध्ये याला आजही ‘हुंडी’ म्हणतात, शब्द आपल्याकडचाच. आपण मात्र आता हवाला म्हणतो. परदेशातल्या व्यक्तीच्या सांगण्यावरून इथे रक्कम घ्यायची आणि तेवढं परकीय चलन बँकेमार्फत आत आलेलं नसायचं, याला फेमा, १९९९ (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) च्या कलम ३ ची मनाई आहे. तुम्ही एक रुपयाही ठेवला नाही, हेतू औषधांचा होता, हे दंड ठरताना कामी येईल. भंग झाला का, या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. दिलासा एवढाच की फेमाचा दंड दिवाणी स्वरूपाचा असतो आणि तो रकमेच्या तिपटीपर्यंत जातो, म्हणजे फार तर ५४ हजार. कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक मान्य करून रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, मार्गही असतो, पण एकट्याने अर्ज करायला धावू नका. फेमाची कामं करणाऱ्या वकिलाला बँकेचं स्टेटमेंट आणि चॅट दाखवा.

मला जास्त खुपतो तो एफसीआरए, २०१०, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा. परदेशी देणगी मधल्या भारतीय हातांतून आली तरी परदेशीच धरली जाते. सामाजिक कामासाठी ती घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्याला देताही येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. एकदाच्या १८ हजारांसाठी कुणी खटला भरेल असं मला वाटत नाही. पण दुसरी एंट्री पडली की ‘ओळखीत केलं’ म्हणायची सोय संपते.

यूएपीएचं, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं, थोडक्यात. म्यानमारच्या लष्करी राजवटीने मे २०२१ मध्ये विरोधकांचं राष्ट्रीय एकता सरकार आणि लोकसंरक्षण दलं दहशतवादी ठरवली. भारताच्या यादीत ती नाहीत. तरी दहशतवादी कृत्याच्या आपल्या व्याख्येत परदेशातल्या जनतेवरचे हल्लेही येतात, आणि औषधांच्या नावाने निघालेला पैसा काडतुसांना लागला का, हे पुण्यात बसून कळत नाही. राष्ट्रीय एकता सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेले बिनव्याजी रोखे ‘अभ्यासापुरते’ घ्यायचा मोहही नको.

आणि तो मुंबईकर कोण? त्याचे रुपये सायबर फसवणुकीतले निघाले, तर कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की तुमचंही खातं गोठेल, फेलोशिपसकट. माझ्याकडे अशी मंडळी खातं गोठल्यावरच येतात.

मुलाखतींचं. वकील आणि अशील यांच्या बोलण्याला साक्ष्य अधिनियमात संरक्षण आहे. संशोधकाला तसं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली रेकॉर्डिंग आणि फोन मागवता येतो. समन्स आल्यावर फाइल पुसणं हा वेगळा गुन्हा. म्हणून जे करायचं ते आज, एथिक्स कमिटीच्या लेखी मंजुरीने : नावांच्या जागी खुणा, स्क्रीनशॉटमधले खाते क्रमांक झाकलेले, कोणती खूण कुणाची याची यादी वेगळ्या जागी. फेसबुकवरून देणगी दिली म्हणून म्यानमारमध्ये लोक तुरुंगात गेले आहेत; तुमच्या बाईंचे नातेवाईक तिथे असतील. पण १८ हजारांबाबतचे बाईंचे मेसेज मात्र जसेच्या तसे ठेवा. औषधांचा उल्लेख असलेला तुमच्याकडचा तेवढाच पुरावा आहे.

संमतिपत्रकात ‘संपूर्ण गोपनीयता’ लिहिलं असेल तर ते खोडून ‘कायद्याने भाग पाडेपर्यंत’ असं करा आणि आधी मुलाखत दिलेल्यांनाही कळवा. गाइडना १८ हजारांचं तोंडी सांगितलं असेल तर मेलने पुन्हा सांगा. बाईंना म्हणावं, मिझोराममध्ये काम करणारी एफसीआरए नोंदणीची संस्था गाठा. तिचं परदेशी देणग्यांचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत असेल, सिंगापूरहून थेट तिथेच पाठवा.