कार्ड भारी, तरी टाइमलाइन का अडते?

प्रश्न : लग्नाचे व्हिडिओ अ‍ॅडोबीच्या प्रीमिअर सॉफ्टवेअरमध्ये एडिट करतो. सोनीचा ए-सेव्हन फोर कॅमेरा घेतल्यापासून टाइमलाइन अडखळते. नवीन पीसीसाठी दुकानदार इंटेलचा आय-सेव्हन १४७००एफ प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड सुचवतोय. घेऊ का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आधी जुन्याच मशीनवर एक तपासणी करा. क्लिप चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख बघा. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभरीला टेकलेला असेल, तर तुमची फाइल कार्डाला उलगडताच येत नाहीये. ए-सेव्हन फोरवर बहुतेक जण १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात शूट करतात, आणि एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या कार्डांत ४:२:२ उलगडणारा भाग, म्हणजे डीकोडरच नाही. त्यामुळे ४०६० घेतलं तरी दुखणं तेच राहील.

हे काम इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं. अकराव्या पिढीपासून त्याला एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीतलं ४:२:२ येतं. पण ज्या मॉडेलपुढे ‘एफ’ असतो, त्यात हे ग्राफिक्स मिळतच नाही. थोडे पैसे वाचवायला दुकानदार नेमकी तुमच्या कामाची गोष्ट काढून टाकतोय. साधा १४७०० घ्या. कार्ड लावल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करा, नाहीतर बऱ्याच मदरबोर्डवर ते ग्राफिक्स झोपूनच राहतं. मग प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया’त हार्डवेअर डीकोडिंगखाली इंटेलवर खूण करा. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती दिली, ती बायोसमधून येते; म्हणून विंडोज टाकण्याआधीच बायोस अपडेट करून मागा.

अजून एक खोच आहे. कॅमेऱ्याच्या फाइल-प्रकारांपैकी सोनीचा ‘एक्सएव्हीसी एस’ जुन्या एच.२६४ मध्ये असतो, ‘एक्सएव्हीसी एचएस’ एच.२६५ मध्ये. पहिल्यातलं १०-बिट ४:२:२ या इंटेललाही उलगडत नाही. तेव्हा एकतर एचएसमध्ये शूट करा किंवा प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती बनवा : क्लिपवर राइट क्लिक, ‘प्रॉक्सी’, ‘क्रिएट प्रॉक्सीज’. बजेट असेल तर सरळ ५० मालिकेचं कार्ड घ्या. त्याला दोन्ही येतात, आणि मग प्रोसेसर ‘एफ’ असला तरी फारसं अडत नाही.

१०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर कॅमेऱ्यामागे तासाला ४५ जीबी होतात. चालू लग्नाच्या फाइल एनव्हीएमई, म्हणजे जलद प्रकारच्या एसएसडीवर ठेवा, विंडोजची एसएसडी वेगळी. हार्ड डिस्क फक्त संपलेल्या कामासाठी, आणि तीही दोन प्रतींत.

प्रश्न : पत्रिका, फ्लेक्स आणि अल्बमचं काम आहे. १६ जीबी रॅमवर फोटोशॉप लटकतं. शिवाय लॅबमधून प्रिंट नेहमी काळपट येतात. ग्राफिक्स कार्ड बदलू का? (एक वाचक, औसा)

उत्तर : कार्डाला हात लावू नका. १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतं, आठ-बिट आरजीबीत एक भरलेला लेअर साधारण ११७ एमबी. वीस लेअर झाले की दोन जीबीच्या वर, हिस्टरी वेगळीच. १६ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर महागडी रॅम कमी वेगाने चालते. ‘स्क्रॅच डिस्क’, म्हणजे रॅम अपुरी पडली की फोटोशॉप वापरतं ती जागा, एसएसडीवर न्या. फ्लेक्स ३०० डीपीआयला उघडण्याचा हट्ट सोडा. दहा बाय वीस फुटांचा फलक ७२ डीपीआयलाच सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) ६०० एमबीच्या आसपास जातो, आणि तो लांबूनच बघायचा असतो. कोरलड्रॉला तर कार्डापेक्षा प्रोसेसरच्या एका कोरचा वेग जास्त लागतो.

काळपट प्रिंटचा दोष बहुतेकदा मॉनिटरच्या ब्राइटनेसचा. तो पूर्ण ठेवून फोटो दुरुस्त केला की पडद्यावर उजळ दिसतो, कागदावर बुडतो. स्क्रीनवर पांढरं पान उघडा, शेजारी ट्यूबच्या उजेडात कोरा फोटो-कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. कॅलिब्रेटर (पडद्याचा उजेड-रंग मोजणारं यंत्र) असेल तर १०० ते १२० निट्स इतका उजेड धरा. नवीन मॉनिटर आयपीएस पॅनलचा आणि एसआरजीबी या प्रमाणित रंगपट्ट्यातले १०० टक्के रंग दाखवणारा हवा. खोक्यावर ‘४५ टक्के एनटीएससी’ असेल तर परत ठेवा, तो कमी रंग दाखवतो. त्यात हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल खरा दिसत नाही.

प्रश्न : एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की यूपीएस असूनही पीसी बंद पडतो. उन्हाळ्यात तर मशीन फार तापतं. (एक वाचक, परतूर)

उत्तर : ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसवर लिहिलेली क्षमता) यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, आणि एक्सपोर्टला प्रोसेसर आणि कार्ड मिळून त्याच्या वर जाऊ शकतात. १,००० व्हीएच्या पुढचा घ्या, लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. एप्रिल-मेमध्ये आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हा आकडा चढतो. तेव्हा खड्ड्यात पाणी टाकत राहा. न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. एमसीबी ते थांबवत नाही, ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो.

खोली ३० वरून ४२ अंशांवर गेली की प्रोसेसरही तेवढाच, बारा-एक अंशांनी चढतो. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, आणि आत ओढणाऱ्यांवर जाळी. ती दर पंधरा दिवसांनी झटका. लाल-निळ्या दिव्यांच्या पंख्यांनी हवा वाढत नाही. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर घेऊ नका. त्या दमट हवेत धुळीचा चिखल होतो आणि तो हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसतो.