परदेशी निघण्यापूर्वी मोबाईल डेटाची तयारी

आपण प्रथमच युरोपला निघाला आहात, म्हणून सांगतो: डेटाची सोय तिकडे उतरल्यावर नव्हे, तर कोल्हापुरातल्या घरी वायफाय हाताशी असतानाच करावी, कारण ई-सिम (म्हणजे वेगळे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनमध्ये घेता येणारे सिम) बसवायलाही इंटरनेट लागते. *#०६# दाबल्यावर ईआयडी (EID) हा ई-सिमचा ओळख क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे.

ई-सिमच्या प्लॅनमधील देशांची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी. युरोपीय संघातल्या सिमवर २०१७ पासून संघातल्या इतर देशांत रोमिंगचे जादा शुल्क लागत नाही. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे इंटरलाकेनला माझे नेट बंद पडून घरच्यांशी चाललेला व्हिडिओ कॉल तांबड्या-पांढऱ्याचा विषय ऐन रंगात असताना तुटला.

आपले भारतीय सिम काढून ठेवू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग आधीच सुरू करून घ्यावे, पण फोनमधील त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. अन्यथा फोटोंचा बॅकअप नकळत चालू राहून मोठे बिल येते. व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर चालते, त्यामुळे फोनने क्रमांक बदलण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. शहरांचे नकाशेही घरीच उतरवून घ्यावेत.