गराजमधला जुना ट्रॅक्टर आणि दारातला बर्फ : वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मिशिगन, मिनेसोटा, ऑंटारियोकडच्या वाचकांची पत्रं बर्फावर येतात. यंदा त्यातली बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत : साठ-सत्तरच्या दशकातला गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि त्याच्याकडून ड्राइव्हवे साफ करून घ्यायचा. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ऐंशी फूट लांब डांबरी ड्राइव्हवे आहे. जुना ट्रॅक्टर घेऊन पुढे पातं लावायचा विचार आहे. कोणती कंपनी आणि किती हॉर्सपॉवर बघावी? (लॅन्सिंग, मिशिगन)

उत्तर : हॉर्सपॉवरचा आकडा बाजूला ठेवा, आधी सांगाडा बघा. गवत कापायचा लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर लांबून सारखेच दिसतात. पण गार्डन ट्रॅक्टरची फ्रेम जाड पोलादी असते, पुढचा आस ओतीव लोखंडाचा असतो आणि मागचं चाक १२ इंची रिमवर बसतं. यंत्र सहाशे-सातशे पौंडांच्या आसपास भरतं, आणि बर्फ ढकलायला हे वजनच कामाला येतं. साउथ बेंड, इंडियानाचा व्हील हॉर्स, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा लुईव्हिलमध्ये बनलेला कब कॅडेट, जॉन डीअरचा १९६३ साली हॉरिकॉनहून निघालेला ११०, पोर्ट वॉशिंग्टनचे सिंप्लिसिटी आणि बोलेन्स, यातला कुठलाही चालेल. यातले सुरुवातीचे ट्रॅक्टर ७-८ हॉर्सपॉवरचे होते आणि तरी बर्फ ढकलत होते. तुम्हाला १० ते १२ भरपूर झाले.

घेताना एकच हट्ट धरा : पातं, त्याची ढकलफ्रेम आणि उचलायचा दांडा ट्रॅक्टरसोबतच हवा. प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असते. नुसतं पातं मिळेलही, पण फ्रेमच्या आसापाशी बसणारा तो एक ब्रॅकेट शोधता शोधता हिवाळा संपतो. बघायला जाल तेव्हा पुढचा भाग जॅकवर घ्या आणि चाकं हलवून खिळखिळ तपासा. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअर असेल तर वीसेक मिनिटं चालवून, तेल गरम झाल्यावर चढावर घ्या. थंड असताना सगळेच हायड्रो ताकदवान वाटतात.

प्रश्न : व्हील हॉर्स सी-१२० घेतला, कोलर के-३०१ इंजिन आहे. दहा वर्षं कोठारात पडून होता, इंजिन पूर्ण जाम आहे. स्टार्टर नुसता कण्हतो. काय करू? (डेटन, ओहायो)

उत्तर : पहिलं काम म्हणजे स्टार्टरला हात लावणं बंद करा. इंजिनच जाम आहे की त्याला जोडलेलं दुसरं काही, हे आधी ठरवा. ड्राइव्हचा पट्टा काढा, पीटीओ (इंजिनाची ताकद अवजारांना देणारी जोडणी) सोडवा आणि मग फ्लायव्हील हाताने हलवून बघा.

तरीही हलत नसेल तर स्पार्क प्लग काढून भोकातून टॉर्च मारा. सिलिंडरच्या भिंतीवर तांबूस गंज दिसला की पिस्टनच्या रिंगा धरल्या आहेत असं समजा. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून अर्धी वाटी आत सोडा आणि प्लग सैलसर लावून चार-पाच दिवस राहू द्या. रोज थोडी भर घाला. अ‍ॅसिटोन पेट घेतं, म्हणून गराजमधल्या हीटरजवळ हे करू नका.

घाई असेल तर सरळ हेड उतरवा. हे साइड-व्हॉल्व्ह इंजिन आहे, व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्ये असतात; हेड म्हणजे बोल्टने आवळलेलं एक झाकण. उघडलं की अर्धं दुखणं डोळ्यांनी दिसतं. पिस्टन खाली अडकलेला असेल तर त्याच्या वरच्या भिंतीवरचा गंज आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, नाहीतर पिस्टन वर येताना त्याच गंजात पुन्हा रुतेल आणि भिंत ओरबाडेल. मग क्रँकच्या टोकाच्या बोल्टला पाना लावून एक इंच पुढे, एक इंच मागे असं खेळवा. पिस्टनवर ठोकायची वेळ आलीच तर सागवानासारख्या कडक लाकडाचा ठोकळा मध्ये धरा आणि हलक्या हाताने ठोका. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे नाजूक आहे. फ्लायव्हीलच्या पंख्याच्या पात्यांत पहार घालून फिरवू नका, पाती कटकन तुटतात.

इंजिन सुटलं म्हणून लगेच चालू करू नका. खालचा तेलाचा पॅन उतरवा. या इंजिनात तेलाचा पंप नाही. रॉडच्या टोकाची लहानशी पळी तेल उडवते आणि त्यावरच सगळं भागतं. पॅनच्या तळाशी चिखल असेल तर पळी चिखल उडवणार. रॉडला वेगळं बेअरिंगही नसतं, तो थेट क्रँकवर फिरतो. हाताने रॉड वरखाली ढकलून खडखड जाणवली तर क्रँक मोजून घ्या. के मालिकेतल्या काही इंजिनांत थरथर कमी करणारे दोन बॅलन्स गिअर असतात, तेही इथूनच दिसतात. त्यांच्या बेअरिंगमधल्या सुया झिजल्या की गिअर सुटून ब्लॉकला भगदाड पाडतो. बरेच जाणकार ते काढूनच टाकतात. थरथर किंचित वाढते, ब्लॉक मात्र वाचतो. झीज दिसत असेल तर आमचंही मत काढून टाकण्याचंच आहे.

हेड परत बसवताना काचेवर २२० नंबरचा पेपर ठेवून त्यावर हेड घासा, पृष्ठभाग सगळीकडे सारखा चमकेपर्यंत. गॅस्केट नवंच घ्या. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी २५ ते ३० फूट-पौंडांपर्यंत आवळा.

प्रश्न : कब कॅडेट १२४. उन्हाळ्यात झकास चालू होतो. थंडीत सेल मारला की अर्धा फेरा फिरून अडतो. बॅटरी नवी आहे. स्टार्टर गेला का? (रॉचेस्टर, न्यूयॉर्क)

उत्तर : बहुधा नाही. या ट्रॅक्टरवर स्टार्टर आणि जनरेटर एकच असतो आणि तो पट्ट्याने इंजिन फिरवतो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबत असेल तर थंडीत तो नुसता घसरणार. मग अर्थिंगची वायर फ्रेमला जिथे बोल्टने लागते तिथला रंग खरवडून चकचकीत धातू काढा. नवा रंग दिलेल्या ट्रॅक्टरांत निम्मी तक्रार इथेच मिटते.

तेल कोणतं आहे? उन्हाळ्याचं एसएई ३० तसंच ठेवलं असेल तर थंडीत ते काकवीसारखं होतं. गोठणबिंदूखाली १०डब्ल्यू-३० आणि शून्य फॅरनहाइटच्या खाली ५डब्ल्यू-३० घाला. तुमच्या १२४ मधल्या के-३०१ इंजिनात दोन क्वार्ट लागतं. इथे प्रश्न नुसता सेल जड जाण्याचा नाही. घट्ट तेल उडत नाही, आणि तेल उडालं नाही की पहिल्या मिनिटातच रॉड कोरडा फिरतो.

एवढं करूनही अडत असेल तर व्हॉल्व्हची फट मोजा. हे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नंतरच्या के-इंजिनांत कॅमशाफ्टवर दाब सोडणारी छोटी यंत्रणा असते. ती सेल मारताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. फट फार मोठी झाली की तिचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही आणि स्टार्टरला पूर्ण दाबाविरुद्ध फिरावं लागतं. इंजिन थंड असताना, पिस्टन दाबाच्या फेऱ्यात सगळ्यात वर आणून, इनटेकला ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्टला ०.०१७ ते ०.०२० इंच फट ठेवा.

हात लागलाच आहे तर पॉइंटही (ठिणगीसाठी सर्किट जोडणारे-तोडणारे संपर्क) बघून घ्या. गॅप ०.०२० इंचांवर लावून सुरुवात करा, मग कॉइलची वायर सुटी करून पॉइंट आणि ब्लॉक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. फ्लायव्हील हाताने फिरवताना खुणा बघायच्या खिडकीत ‘एस’ (स्पार्क) खूण मधोमध आली की मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवायला हवं. आधी किंवा नंतर तुटत असेल तर गॅप थोडा कमी-जास्त करून जुळवा.

प्रश्न : जानेवारीत एका सकाळी गिअरचा दांडा हलेचना. दुपारी उन्हात आपोआप सुटला. ट्रॅक्टर व्हील हॉर्सचाच, आठ स्पीडचा. (डुलुथ, मिनेसोटा)

उत्तर : गिअरबॉक्समध्ये पाणी आहे आणि रात्री त्याचा बर्फ होतो. दांड्याच्या बुडाशी रबरी टोपण असतं, ते फाटलं की पाऊस आणि वितळलेला बर्फ दांड्यावरून थेट आत जातो. तेल काढून बघा, दुधी किंवा कॉफीसारखं निघेल. तेल काढायचं ते ट्रॅक्टर चालवून गरम झाल्यावर, नाहीतर पाणी तळाशी गोठलेलंच राहतं. थोडं डिझेल घालून ट्रॅक्टर दोन मिनिटं हळू मागेपुढे करा आणि तेही काढून टाका. मग ८०डब्ल्यू-९० गिअर तेल सुमारे दोन क्वार्ट भरा. टोपण आधी बदला, तेल नंतर. दांडा अडला म्हणून हातोडी मारू नका, आतले शिफ्टिंग फोर्क वाकतात.

प्रश्न : ४२ इंची पातं आहे, इंजिन उत्तम आहे, पण चार इंच बर्फातही मागची चाकं जागच्या जागी फिरतात. (मिसिसागा, ऑंटारियो)

उत्तर : क्रम असा ठेवा : आधी साखळ्या, मग वजन.

साखळ्या ‘टू-लिंक’ घ्या, म्हणजे दर दोन कड्यांनंतर आडवी साखळी असलेल्या. ‘फोर-लिंक’ स्वस्त पडतात, पण त्यांच्या आडव्या साखळ्यांत अंतर जास्त असतं. दोन साखळ्यांच्या मधला भाग जमिनीवर आला की चाक पुन्हा घसरतं, आणि शेतीच्या टायरवर तर त्या खाचांत जाऊन लपतात. मापं टायरवर लिहिलेली असतात. २३×८.५०-१२ आणि २३×१०.५०-१२ या दोहोंना एकच साखळी बसत नाही. चढवताना टायरची थोडी हवा सोडा, साखळी वरून पसरा, दोन्ही बाजूंचे हुक लावा आणि मग हवा भरा. दहा मिनिटं चालवून पुन्हा एक कडी आवळा, नाहीतर सैल टोक मडगार्डला बडवत राहतं. आतल्या बाजूला फ्रेम आणि ब्रेकच्या दांड्यापासून बोटभर तरी जागा उरते का, तेही बघा.

वजनासाठी चाकांना लावायच्या ओतीव लोखंडी चकत्या सर्वांत सुटसुटीत, साधारण ५० पौंडांची एक. दुसरा मार्ग टायरमध्ये द्रव भरण्याचा. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणा आणि त्याच्या पातळीपर्यंत भरा, म्हणजे टायर पाऊण भरतो. २३×८.५०-१२ मध्ये सहा-सात गॅलन मावतात. उणे २० फॅरनहाइट किंवा त्याहून खाली न गोठणारं काचा धुवायचं पाणी भरलं तर एका चाकाला पन्नास-पंचावन्न पौंड मिळतात, बीटच्या रसाचं द्रावण भरलं तर सत्तरच्या वर. कॅल्शियम क्लोराइडही जड असतं, पण एक बारीक गळती लागली की जुनी रिम खाऊन टाकतं, आणि या रिम आता सहज मिळत नाहीत. काचा धुवायच्या पाण्यात मिथेनॉल असतं, ते विषारी आहे. घरात मुलं किंवा कुत्रं असेल तर सांडलेलं लगेच पुसा.

अजून हवं असेल तर पिकअपसाठी मिळणाऱ्या ६० पौंडांच्या वाळूच्या दोन पिशव्या मागच्या आसामागे पेटीत बांधा. वजन आसाच्या मागे असलं की चाकांवर जास्त पडतं.

प्रश्न : खडीचा रस्ता आहे. बर्फाबरोबर निम्मी खडीही हिरवळीवर जाते. (वर्माँट)

उत्तर : पात्याच्या खालचे जोडे, म्हणजे जमिनीवरून घसरणारे टेकू, अर्धा ते एक इंच खाली सोडा. त्यानेही खडी येत असेल तर दीड-दोन इंची लोखंडी पाइप घ्या, लांबीच्या बाजूने एक चीर पाडा आणि तो पात्याच्या खालच्या धारेवर चढवून दोन्ही टोकांना बोल्ट मारा. गोल कडा खडीत न रुतता वरून घसरते. पहिल्या एक-दोन बर्फवृष्टींत तळाचा इंचभर थर मुद्दाम ठेवून दाबू द्या. तो गोठला की पुढे सगळा हिवाळा त्यावरून पातं चालतं.

प्रश्न : फेब्रुवारीत बर्फ टाकायला जागाच उरत नाही. पातं काढून बर्फ उडवणारा ब्लोअर लावावा का? (बफेलो, न्यूयॉर्क)

उत्तर : जागा उरत नाही ती डिसेंबरमुळे. पहिल्याच बर्फाला ढीग ड्राइव्हवेच्या कडेपासून दोन फूट पलीकडे ढकला. एकदा कडेलाच ढीग गोठला की पातं त्यावर आपटतं आणि दर वादळाला रस्ता अरुंद होत जातो. वाऱ्याची दिशा पाहून, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला पातं तिरकं ठेवा. गिअर पहिला किंवा दुसरा. वेगाने धडक मारून ढीग मागे सारायला गेलात तर पात्याची स्प्रिंग एखादवेळ झेलेल, पण पुढच्या चाकांचे स्पिंडल वाकतात. आठ इंच पडणार असेल तर चार इंचांवर एकदा बाहेर पडा. ओला बर्फ असेल तर तीन इंचांवरच.

नगरपालिकेच्या गाडीने तोंडाशी टाकलेला बांध आपल्याच आवारात वळवा. तो रस्त्यापलीकडे ढकलणं मिशिगन, मिनेसोटा, ऑंटारियोत कायद्याने बंद आहे. तुमच्याकडचा नियमही विचारून घ्या.

इतकं करूनही बफेलोत दोन्ही बाजूंना भिंती किंवा कुंपण असेल तर ब्लोअरला पर्याय नाही. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर आणि ट्रॅक्टर सर्वांत हळू चालवा. हायड्रो असेल तर हे फार सोपं जातं. ब्लोअरच्या आतून आणि बर्फ बाहेर फेकणाऱ्या चिमणीतून सिलिकॉन स्प्रे मारा, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपासचा चिकट बर्फ कमी तुंबतो. शिअर बोल्ट (दगड अडकला की यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) कंपनीने सांगितलेल्या मऊ ग्रेडचाच वापरा. तो तुटतो म्हणून ग्रेड ८ चा कडक बोल्ट घातलात तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स तुटेल. चिमणी तुंबली तर इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा आणि काठीने मोकळी करा. इंजिन बंद असलं तरी ताणलेला पट्टा अडकलेला ऑगर (बर्फ आत ओढणारं मळसूत्र) अचानक फिरवू शकतो, म्हणून हात आत घालायचाच नाही.

प्रश्न : रंग कधी द्यावा? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : एप्रिलमध्ये. आत्ता फक्त पात्याची पुढची बाजू घासून गुळगुळीत रंगवा आणि वर मेण चोळा, ओला बर्फ चिकटत नाही. बाकी पैसे साखळ्या, बॅटरी आणि तेलावर खर्च करा. आणि गराजचं दार बंद ठेवून इंजिन गरम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.