'महिला जमात' की 'महिला पंचायत'?

प्रश्न असा आहे : तमिळनाडूतल्या मुस्लिम बायकांच्या चळवळीवरचा लेख मराठीत आणताना त्यांच्या निवाडा करणाऱ्या 'जमाती'ला काय म्हणायचं? 'महिला जमात' लिहिलं की वाचकाला भटक्या-विमुक्त जमाती आठवतात, नाहीतर 'बायकांची जमातच तसली' हे कुचकट वाक्य. म्हणून प्रश्नकर्त्यानं 'महिला पंचायत' सुचवलंय.

जमातच ठेवा.

अरबीत जमाअत म्हणजे एकत्र आलेली माणसं; जमा, जुम्मा, जामा मशीद हे सगळे त्याच धातूचे. मराठीत अर्थ सरकत 'समाजगट, प्रकार' इथवर आला आणि 'अनुसूचित जमाती' या सरकारी संज्ञेनं तो पक्का केला. तरी जुना अर्थ मेलेला नाही. खोजा मुसलमानांचा जमातखाना (एकत्र जमायची, प्रार्थनेची जागा) मुंबई-पुण्यात आहेच, आणि कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यात एखादी गोष्ट 'जमातीत काढली' म्हणजे मशिदीशी जोडलेल्या गावकीपुढे ठेवली.

तमिळनाडूत हाच अर्थ चालतो. लग्न, तलाक, मेहर, पोटगी यांचे तंटे मशिदीच्या जमातीपुढे जातात. तिथे बसणार पुरुष. जिच्या तलाकाचा निवाडा व्हायचा तिलाच आत जागा नाही. बोलणार तिचा बाप नाहीतर भाऊ. पोलिसांत गेली तर तेही जमातीकडे बोट दाखवणार. पुदुकोट्टईच्या दाऊद शरीफा खानम आणि त्यांच्या 'स्टेप्स' संस्थेनं या शतकाच्या सुरुवातीला बायकांचीच जमात उभी केली. ठिकठिकाणच्या बायका तिथे जमून तक्रारी ऐकतात, नवऱ्याकडच्यांना बोलावतात, पोलीस ठाण्यात जातात. जमात मशिदीत भरते, मग मशीदही आपली हवी, म्हणून बायकांची मशीद बांधायचंही त्यांनी ठरवलं.

ज्या सभेत शिरू दिलं नाही, तिचंच नाव त्यांनी घेतलंय. 'पंचायत' घातली की हा दावाच पुसला जातो. ('महिला मंडळ' तर नकोच, थेट हळदीकुंकू डोळ्यांपुढे येतं.) पहिल्यांदा 'न्यायनिवाडा करणारी मुस्लिम महिलांची जमात' असं सविस्तर लिहा, पुढे नुसतं 'महिला जमात' चालेल. 'जमाअत' हे लेखन टाळा. मराठी वाचक ते जमाअत-ए-इस्लामी या संघटनेशी जोडेल.

अशीच अडचण 'काझी'ची. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संघटनेनं मुंबईत बायकांना काझीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. ते घेऊन जयपूरच्या दोघी 2016 साली काझी झाल्या. त्यांना कुणी 'काझीण' म्हणू नये. पाटलीण, देशमुखीण या रूपांत -ईण लागतो तो बहुतेक बायकोला, पद सांभाळणारीला नव्हे. 'त्या काझी आहेत, निकाह पढवतात' एवढं पुरे.