पिल्लांच्या पायाखाली काय घालायचं?

प्रश्न : काकू, मागच्या आठवड्यात एक दिवसाची पन्नास गिरिराज कोंबडीची पिल्लं आणली. सोबत खाकी कॅम्पबेल बदकांची आठ पिल्लं मिळाली. पडवीत पुठ्ठ्याचं रिंगण करून बल्ब टांगलाय. फरशीवर वर्तमानपत्र घालते, रोज बदलते. तरी तीन पिल्लांचे पाय बाजूला फाकलेत, उभंच राहवत नाही त्यांना. बदकांखालच्या कागदाचा तर तासाभरात लगदा होतो. दीर म्हणतात वखारीतला भुसा आणू, सासूबाई म्हणतात माळ्यावरचा पेंढा घाल. काजूची टरफलंही दोन पोती पडलीत, ती चालतील का?
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : बाकी सगळं नंतर, आधी ती तीन पिल्लं उचला. त्यांना रोगबिग काही झालेला नाही, पायाखाली धर नाही एवढंच. शेवाळलेल्या पायरीवर आपण जसे चालू, तशी ती गुळगुळीत कागदावर चालतायत. या वयात सांधे कोवळे असतात, चार दिवस पाय घसरत राहिले की ते तसेच बाहेर वळतात. जखमेवर लावतो त्या चिकटपट्टीची बारीक फीत कापा आणि दोन्ही पायांना सैलसर बांधा, मध्ये आपल्या अंगठ्याच्या रुंदीइतकं अंतर ठेवून. पहिला तासभर पिल्लू धडपडेल, तोंडावर पडेल, तुम्हाला वाईट वाटेल. सोडू नका. त्याला बाकीच्यांपासून वेगळं, खरखरीत कापडावर ठेवा, पाणी चोचीजवळ न्या. दोन-तीन दिवसांत फीत काढायची. लवकर बांधलं तर बहुतेक पिल्लं सावरतात. आठवडा उलटून गेला की मात्र कठीण.

आता गादी. कोकणात राहून तुम्ही दूर कुठे शोधू नका, भाताचं तूस घ्या. फक्त गिरणीत जाऊन "तूस द्या" एवढंच म्हणू नका. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच भरडून निघतो. ती पिठासारखी भुकटी पिल्लं मटामट खातात, आणि आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागायला वेळ लागत नाही. शेलर, म्हणजे नुसतं तूस सोलणारं यंत्र, असलेल्या गिरणीत अख्खं, होडीसारखं तूस मिळतं. मूठभर घेऊन फुंकर मारा. धूळ उडाली तर तो माल गाईच्या गोठ्यात जाऊ दे.

तूस दोन इंच घाला. पहिले तीन दिवस ते झाकलेलं हवं, कारण पिल्लांना अजून दाणा कोणता आणि तूस कोणतं ते कळत नाही. पोटात तूस गेलं की दाण्याला जागा राहत नाही. पोल्ट्रीवाले तुसावर कागद घालतात आणि त्यावर मक्याचा भरडा पसरतात. खाली तूस दबतं, कागद चुरगळतो, त्यामुळे नुसत्या फरशीइतका घसरत नाही. मी स्वतः कागदाच्या नादी लागत नाही. जुनं सुती लुगडं फाडून घालते, रोज एक तुकडा धुवायला, एक वापरायला. टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. गोणपाटाचे सुटे धागेही पायाला गुंडाळतात. एकदा एका पिल्लाचा पाय त्या धाग्यानं काळानिळा झालेला मी संध्याकाळी पाहिला, सकाळपासून ते एकाच जागी का बसलंय हे तेव्हा कळलं.

दिरांचा भुसा नाकारत नाही, पण वखारीत दोन माल असतात. करवतीखाली पडतो तो बारीक भुसा नको. तो नाकात जातो, चोचीतही जातो. सुताराच्या रंध्यातून निघणारे कुरळे छिलके मात्र उत्तम, तुसापेक्षाही जास्त ओल पितात. अट एकच, लाकूड साधं हवं. प्लायवूडचा किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा कचरा आणू नका.

काजूची टरफलं अजिबात नकोत. ओले काजूगर काढताना बोटांची सालं गेलेली तुम्ही पाहिली असतील. ते टरफलातलं तेल कोवळ्या पायांना सोडेल होय?

पेंढ्याबद्दल सासूबाईंचा मान राखून सांगते. कोरडा, चार बोटं लांबीचा कापलेला पेंढा बदकांना छान. पण तुम्ही पत्र लिहिलंय श्रावणात आणि पेंढा आहे माळ्यावर. अशाच एका पावसाळ्यात मी उडवीतला पेंढा काढला. जरा ओलसर होता, तो चुलीपाशी वाळवला आणि बदकांच्या अकरा पिल्लांखाली घातला. वास येत होता, जुन्या पुस्तकासारखा. मी म्हटलं, पावसाळ्यात सगळ्यालाच येतो. पाचव्या दिवशी पिल्लं मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. घरघर नाही, आवाज नाही, नुसता श्वास. सात गेली. डॉक्टरांनी एक कापून दाखवलं, फुप्फुसावर नाचणीएवढे पिवळट दाणे. बुरशीचे कण श्वासातून आत गेले होते. त्यावर खात्रीचं औषध नाही, आणि बदकाची पिल्लं याला फारच नाजूक. वाळवल्यानं बुरशी मरत नाही, उलट तिची पूड होऊन उडते. तेव्हा माळ्यावरचा पेंढा सासूबाईंच्या नाकाखालीच धरा, त्याच ठरवतील.

बदकं आजच वेगळी करा. कोंबडीच्या पिल्लांना त्यांचा ओलावा सोसत नाही. बदक एक घास खातं की चोच धुतं, त्यामुळे गादी कसलीही घाला, ती पाण्याच्या भांड्यापासूनच बिघडणार. म्हणून भांडं गादीवर ठेवायचंच नाही. पसरट घमेल्यावर बारीक जाळी बसवा आणि भांडं त्या जाळीवर ठेवा. सांडेल ते खाली घमेल्यात. पाणी इतकं खोल हवं की नाकपुड्या बुडतील, पण अंग बुडणार नाही. भांड्यात चार गोटे टाका. आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या पिसांना तेल नसतं, भिजली की गारठतात, तेव्हा "बदकच ते, पोहू दे" म्हणून टबात सोडू नका. तूस तीन इंच घाला. ओला भाग रोज काढायचा, कोरडं वरून टाकायचं.

गादी ठीक आहे का, हे मुठीला विचारा. मूठभर दाबून सोडा. सुटं सुटं झालं तर ठीक, लाडू वळला तर बदला. दुसरं, रिंगणाशी उभं राहून वास घेऊ नका, उकिडव्या बसा आणि नाक पिल्लांच्या उंचीवर न्या. उभ्यानं काही जाणवत नाही, तिथं डोळे चुरचुरतात. अशा वेळी वरून चुना फेकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शिटेतून सुटणारा हा झोंबरा वायू, अमोनिया, चुन्यानं आणखी उसळतो. चुना रिकाम्या जमिनीवर, पिल्लं यायच्या आधी. तिसऱ्या आठवड्यापासून ओल्या गादीत रक्ती हगवणीची भीती असते. शिटेत लाल दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे.

आणि बल्ब पिवळा, जुन्या पद्धतीचाच आहे ना? एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पेंढा घातलाच तर बल्बपासून लांब.

प्रश्न : आमच्याकडे तेलघाण्यावर शेंगांची टरफलं फुकट मिळतात. गादीला वापरावीत का? — एक वाचक, जि. सांगली

उत्तर : कोंबड्यांना चालतात, हलकी असतात, भरडून घातली तर ओलही बरी पितात. पण भुईमूग आणि बुरशी यांचं जुनं सख्य आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पिल्लं मेली. कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीत. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्यातूनच ओळखलं गेलं. बदकाची पिल्लं त्याला इतकी हळवी की प्रयोगशाळेत या विषाची चाचणीच त्यांच्यावर होत असे. टरफलात पेंडीइतकं विष नसेलही, पण त्यात फुटके, किडके दाणे राहतात आणि पिल्लं तेच आधी शोधून खातात. म्हणून बदकांना नकोच. कोंबड्यांसाठी आणायची तर हंगामातली, उन्हात वाळलेली आणि चाळणीतून दाणे काढलेली. पोतं घेताना कोपरापर्यंत हात आत घाला. मध्ये गरम लागलं तर फुकट असलं तरी तिथंच ठेवून या.